तळ्याखालची चूल

परवा वर्गात धरणाचं चित्र काढायला सांगितलं. सगळ्यांनी भिंत काढली, निळं पाणी काढलं. एका मुलीनं मात्र पाण्याच्या तळाशी झाडं आणि एक चूल काढली. म्हणाली, "गुरुजी, आमच्या आजीचं घर तिथं होतं." वर्ग एकदम गप्प!

आपल्या भागात सूर्या नदीवर धामणी धरण आहे. ते बांधलं शेतीसाठी. कालवे आले, भात पिकला, हे खरंच. पण पुढे तेच पाणी मोठमोठ्या नळांतून वसई-विरारलाही गेलं, आणि मीरा-भाईंदरलाही द्यायचं ठरलं. शहरांनाही तहान लागतेच की! पण त्यासाठी किती जंगल, किती पाडे बुडवायचे? दमणगंगा-पिंजाळ नदीजोड आराखड्यात भुगड, खारगीहिल ही आणखी धरणं आहेत.

जंगल म्हणजे नुसती लाकडं नव्हेत, बरं का! झाडांमुळं पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि झऱ्यांतून हळूहळू नदीला मिळतं. झाडं गेली, की माती वाहून धरणातच साचते.

२० जून १९९१ला केंद्र सरकारनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवून कारखान्यांवर बंधनं घातली. धरण बांधतानाही तसाच विचार नको का?

या रविवारी आजी-आजोबांना विचारा, पूर्वी कोणता ओहोळ उन्हाळ्यातही वाहायचा? वहीत लिहून ठेवा. आणि शहरातल्या दोस्तांनो, तुमच्या नळाला कुठल्या नदीचं पाणी येतं, ते आईबाबांना विचारा हं!