पाय रिकामे का ठेवायचे?

संगणकावर काम करता करता व्यायामाची सायकल चालवणाऱ्याला ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण हटकून ऐकावी लागते. घरून काम करताना मी अशी सायकल चालवतो, त्यामुळे मलाही ती ऐकवली गेली आहे. ऐकवणाऱ्यांचा पूर्वपक्ष असा: लक्ष दोन ठिकाणी वाटलं की काम बिघडतं, संथ पायडल मारणं हा व्यायाम नव्हे, आणि व्यायामच करायचा तर माणसाने सरळ टेकडी गाठावी.

लक्षाचं आधी पाहू. येवल्याचा पैठणी विणकर हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसतो. पाय ताण्याचे धागे खालीवर करतात आणि हात नक्षी भरतात. पायाने चालणाऱ्या यंत्रावर शिंप्यांच्या पिढ्यांनी सरळ टीप घातली. बालगंधर्वांच्या गाण्याला ऑर्गनची साथ असे. तो वाजवणारा पायांनी भाता मारी आणि कान गाणाऱ्याच्या श्वासाकडे ठेवी. पायांची लय एकदा बसली की तिच्याकडे लक्ष द्यावं लागत नाही.

तिथे पाय त्याच कामाला जुंपलेले होते, इथे त्यांचा कामाशी संबंध नाही, असं कुणी म्हणेल. हा फरक मला मान्य आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चालत काम करणं आणि सायकल चालवत काम करणं यांची तुलना झाली. चालताना काम जास्त बिघडलं, सायकलवर थोडंच. आणि टंकलेखनापेक्षा माउसच्या कामाला झळ अधिक बसली. माझा अनुभवही तोच आहे. मजकूर वाचणं, ईमेलला उत्तरं देणं, बैठकीत ऐकणं हे सगळं पायडल मारत नीट होतं. बारीक आराखड्यावर माउस फिरवायचा असेल, तर मी पाय थांबवतो. एवढ्याने अख्खी सायकल निकालात निघत नाही.

आता ‘हा व्यायाम नव्हे’. खरंच नव्हे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. संथ पायडलिंगने तो हिशेब चुकता झाला असं मी कधीच म्हणणार नाही. पण सायकल मी मैदानाच्या जागी ठेवलेली नाही, निश्चल खुर्चीच्या जागी ठेवली आहे. साथरोगतज्ज्ञ जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरचे चालक आणि वाहक यांची केलेली तुलना १९५३ साली प्रसिद्ध झाली. दिवसभर बसलेल्या चालकांमध्ये हृदयविकार जास्त निघाला, जिने चढत तिकिटं देणाऱ्या वाहकांमध्ये कमी. वाहक व्यायाम करत नव्हते, नोकरी करत होते. चालक भरतीच्या वेळीच वाहकांपेक्षा जाड असत, हे पुढे मॉरिस यांनीच गणवेशांच्या मापांवरून दाखवलं, म्हणून एकट्या बसच्या अभ्यासावर मी भिस्त ठेवत नाही. पण टपाल वाटत हिंडणारे पोस्टमन आणि बैठे कारकून यांच्यातही त्यांना तसाच फरक दिसला होता.

टेकडीवाल्यांशी माझं भांडण नाही. रविवारी मीही चढतो. प्रश्न उरलेल्या तासांचा आहे. २०१६ साली दहा लाखांहून अधिक माणसांच्या माहितीवरून निघालेला निष्कर्ष असा, की दीर्घकाळ बसण्याने वाढणारा धोका भरून काढायला रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम श्रम लागतात. ज्यांना तेवढा वेळ मिळतो त्यांनी जरूर काढावा. भारतातले जवळपास निम्मे प्रौढ २०२२ साली किमान हालचालीच्या मापातही बसत नव्हते. त्यांना टेकडीचा रस्ता दाखवून गप्प बसणं मला पटत नाही.

एक आक्षेप मात्र मला खरोखर बोचतो. हा घाण्याचा बैल आहे, माणूस जागचा हलू नये म्हणून मालकाने त्याला खुर्चीतच फिरवायचं ठरवलंय, असं एक मित्र म्हणाला. लांबत जाणाऱ्या कामाच्या तासांवरचा त्याचा राग योग्यच आहे. सायकल दिली म्हणून जेवणाची सुट्टी कापणाऱ्या साहेबाला ठणकावून नकार द्यावा. पण तासांची ती लढाई जिंकेपर्यंत पोटऱ्या आखडून का बसायचं? पोटरीचा स्नायू आवळला की पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं. बसून राहिलं की हे काम मंदावतं.

अशी सायकल घ्यायची असेल तर बसून पाहून घ्या. पायडल वर आलं की गुडघा टेबलाला आपटतो, म्हणून टेबल उंच करता आलं पाहिजे. चुंबकी रोधाची सायकल घासणाऱ्या पट्ट्याच्या सायकलपेक्षा शांत चालते. खालच्या मजल्यावरच्यांची झोप मोडत नाही. रोध हलका ठेवा, बोलताना धाप लागता कामा नये. सुरुवात वीस मिनिटांनी करा.

आणि कार्यालयांच्या व्यवस्थापकांना विनंती आहे: सगळ्यांच्या खुर्च्या बदलू नका. मजल्यावर दोन सायकली उंच टेबलांसह ठेवा, आणि त्यांवर बसणाऱ्याकडून एका मिनिटाचंही जास्त काम मागू नका.