पावणेतीन लाखांचा सुपरचार्जर

परवा रात्री जेवण उरकून हात धुतोय तोवर पलीकडच्या गल्लीतलं एक पोरगं दारात उभं. वय तेवीस. नाव लिहीत नाही, निम्म्या तासगावला लगेच कळेल. "काका, तुम्ही जरा आमच्या अण्णांशी बोला की." म्हटलं, काय झालं? त्यानं मोबाईल पुढं केला. व्हॉट्सअॅपवर आलेलं कोटेशन होतं.

त्याच्याकडं २०१७ ची सेकंडहँड स्विफ्ट आहे. पेट्रोल. दोन वर्षांपूर्वी घेतली, हप्ते फिटले, आता तिला सुपरचार्जर बसवायचाय. पुण्याकडच्या एका गॅरेजनं हिशोब पाठवलाय तो असा: जुन्या मिनी कूपरमधून काढलेला ब्लोअर ८५ हजार, ब्रॅकेट-पुली-बेल्ट ३० हजार, इंटरकूलर आणि पाइप ३५ हजार, मोठे इंजेक्टर आणि पेट्रोल पंप ३२ हजार, पिगीबॅक ईसीयू आणि ट्यूनिंग ६५ हजार, मजुरी २८ हजार. एकूण २ लाख ७५ हजार. खाली बारीक अक्षरात, 'बिल पाहिजे असल्यास जीएसटी वेगळा'.

पैसे कुठनं आणणार? तर अण्णांचा बेदाणा कोल्ड स्टोरेजला आहे. दर चढेल म्हणून ठेवलाय. तो आत्ताच विकायला लावायचा, म्हणून मी मध्यस्थी करायची.

खरं सांगतो, मी लगेच नाही म्हणालो नाही. गाड्यांचं वेड मलाही होतं, अजून थोडं आहे. आणि पोरगं काही वाया गेलेलं नाही. आयटीआय केलंय, हाताला काम आहे, दारू-गुटखा नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत रील बघत बसतं एवढंच. मी म्हणालो, कोटेशन मला पाठव, दोन दिवस दे, चौकशी करतो. ती चौकशी इथं लिहितोय, कारण असं कोटेशन खिशात घेऊन फिरणारी पोरं आपल्या तालुक्यात बरीच असणार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंजिन पेट्रोल जाळतं ते हवेच्या जोरावर. हवा जास्त कोंबली की पेट्रोल जास्त जाळता येतं आणि ताकद वाढते. ही हवा कोंबणारा पंप म्हणजे सुपरचार्जर. तो इंजिनच्याच बेल्टवर फिरतो, म्हणजे वाढवलेल्या ताकदीतला काही वाटा तो स्वतःच खातो. टर्बो वेगळा. तो सायलेन्सरकडं जाणाऱ्या वाया धुरावर फिरतो. म्हणून तर आजकाल कंपन्या छोट्या गाड्यांत टर्बो घालतात, सुपरचार्जर फारसा कुणी घालत नाही.

दुसऱ्या दिवशी कोटेशन घेऊन आमच्या मिस्त्रींकडं गेलो. तीस वर्षं इंजिनं खोलतायत. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि विचारलं, "ह्यात पिस्टन कुठं हाय?"

नव्हतंच. मिस्त्रींचं म्हणणं मी समजून घेतलं ते असं. या स्विफ्टचं इंजिन मुळातच हवा अकरा पट दाबतं. ते बिनटर्बोचं म्हणून तसं बनवलंय. त्यात बाहेरून आणखी अर्धा बार दाबानं हवा कोंबली की मिश्रण वेळेआधीच पेट घेतं. यालाच नॉकिंग म्हणतात. इंजिन खटखटतं, आणि तसंच चालवत राहिलं तर पिस्टनच्या डोक्याला भोक पडतं. ते टाळायचं तर ट्यूनिंग करणारा स्पार्क मागं ओढतो आणि पेट्रोल जादा सोडतो. मग मायलेज गेलं. किंवा पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड बदलून दाब कमी करायचा, हा खरा इलाज, आणि तो कोटेशनमध्ये नाही. क्लच मूळ ताकदीपुरताच आहे, तो घसरणार. ब्रेक तेच, टायर तेच. "फोर्ज पिस्टन, रॉड, क्लच, पुढचे ब्रेक, हेड उतरवायची मजुरी, आनखी दीड-पावणेदोन लाख धरा," मिस्त्री म्हणाले. "आनि येवढं करून गाडी काय किमतीची? चार लाखाची."

म्हणजे चार लाखांच्या गाडीवर साडेचार लाख. मिळणार काय? ८३ च्या आसपासचे घोडे सगळं नीट जमलं तर ११०-११५ वर जातील. कंपनीतूनच १२० हॉर्सपॉवरचा टर्बो घेऊन येणारी आय-ट्वेंटी एन लाइन किंवा नेक्सॉन शोरूममध्ये उभी आहे, वॉरंटीसकट. जुनी पोलो टीएसआय घेतली तरी १०५ घोडे कुठंही हात न लावता मिळतात.

अमेरिकेत हा हिशोब वेगळा बसतो आणि रीलमध्ये दिसतं ते तिथलंच. मस्टँग जीटीसारख्या पाच लिटरच्या व्ही-एट गाडीला सुपरचार्जरचं तयार किट साधारण सात ते नऊ हजार डॉलरला मिळतं. आपले सहा ते आठ लाख झाले. पण ते किट त्याच इंजिनसाठी बनवलेलं, तपासलेलं असतं आणि गाडीही तेवढ्या मोलाची असते. आपल्या पोरांना दिसतो फक्त आवाज आणि मागं पळणारा रस्ता.

मिस्त्रींकडून परत येताना बेंटलीची जुनी गोष्ट आठवली. १९२९ साली इंग्लंडात बेंटलीच्या साडेचार लिटर गाडीला सुपरचार्जर लावला गेला. 'ब्लोअर बेंटली' म्हणून आजही तिचे फोटो भिंतीवर असतात. ज्याच्या नावानं कंपनी होती तो डब्ल्यू. ओ. बेंटली याच्या विरोधात होता. ताकद पाहिजे तर इंजिन मोठं करा, हे त्याचं म्हणणं. १९३० च्या ल माँ शर्यतीत ब्लोअर बेंटली शेवटपर्यंत टिकल्या नाहीत. पहिला आणि दुसरा नंबर आला तो बेंटलीच्याच बिनसुपरचार्जरच्या, मोठ्या इंजिनच्या स्पीड सिक्सचा. हे पोराला सांगितलं तर म्हणतोय, "काका, पण फोटो कुणाचा लावतात?" उत्तर नव्हतं माझ्याकडं.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं ठरवून दिलेल्या तपशिलाशी आरसीवरचा तपशील जुळणार नाही असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. रंग किंवा किरकोळ फिटिंग वेगळं, पण गाडीच्या मूळ रचनेला हात लावता येणार नाही. त्याच वर्षी कायद्यात १८२ अ हे कलम आलं. मालकानं परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

दंडाचं मला फार वाटत नाही. पाच हजार भरणारे भरतात. भीती विम्याची आहे, आणि ती मी ऐकीव सांगत नाही.

२०१२ साली माझ्याकडं जुनी व्हॅन होती. वार्तांकनाला गावोगाव फिरायचं, पेट्रोल परवडेना, म्हणून एका ओळखीच्या गॅरेजातून गॅस किट बसवून घेतलं. आरसीवर नोंद करायला दोन हेलपाटे आणि थोडे पैसे लागणार होते. गॅरेजवाला म्हणाला, कोण बघतंय. मीही म्हणालो, कोण बघतंय. आठ महिन्यांनी मणेराजुरीच्या अलीकडं सीटखालून धूर आला. बायको आणि चार वर्षांची मुलगी मागं बसलेली. दार सरकवून दोघींना ओढून बाहेर काढलं आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून गाडी जळताना बघितली. विम्याचा हप्ता वेळेवर भरलेला होता. सर्व्हेअरनं आरसी बघितली, गाडी बघितली, आणि महिन्याभरानं पत्र आलं: नोंद नसलेला बदल, दावा नामंजूर. सव्वा लाखाची गाडी. पुढं दोन वर्षं मोटारसायकलवर फिरलो. विमा कंपनीला शिव्या घातल्या, पण मनातून माहीत होतं की सही माझी होती.

मात्र तेव्हा मला रस्ता तरी होता. गॅस किटला कायद्यात जागा आहे. मान्यताप्राप्त किट, अधिकृत फिटिंग सेंटर, आरटीओत तपासणी, आरसीवर नोंद. मी आळस केला, भोगलं. या पोराला उद्या सगळं सरळ मार्गानं करायचं म्हटलं तर तो जाणार कुठं? सुपरचार्जर बसवलेली एकटीदुकटी गाडी तपासून 'ठीक आहे, नोंदवा' असं म्हणणारी खिडकीच नाही. नवीन मॉडेल रस्त्यावर येण्याआधी पुण्यात एआरएआयसारख्या संस्थेत धूर, आवाज, ब्रेक सगळं तपासलं जातं. ती सोय कंपन्यांसाठी. तासगावचं पोरगं तिथं स्विफ्ट घेऊन जाऊ शकत नाही. प्रदूषणाच्या बाबतीत अमेरिकेत सगळ्यात कडक समजल्या जाणाऱ्या कॅलिफोर्नियात अशा किटला तिथलं हवा मंडळ तपासून मान्यता क्रमांक देतं. तो क्रमांक बॉनेटखाली चिकटवला की गाडी कायदेशीर. जर्मनीत बदल तपासून गाडीच्या कागदावर चढवता येतो. आपल्याकडं एकतर पूर्ण बंदी किंवा पूर्ण चोरी.

आणि चोरी तरी कुठं लपूनछपून चाललीय? गॅरेजं इन्स्टाग्रामवर 'स्टेज वन, स्टेज टू' म्हणून उघड जाहिरात करतात. बिनबिलाचं काम असतं, म्हणजे सरकारचा करही बुडतो. उत्पादक, आयातदार किंवा डीलरनं नियमबाह्य गाडी विकली किंवा तशी बदलून दिली तर त्याच १८२ अ मध्ये गाडीमागं एक लाख दंडाची तरतूद आहे. आजवरच्या पत्रकारितेत त्याखाली गुन्हा दाखल झाल्याची बातमी मी एकदाही लिहिलेली नाही. लिहिल्यात त्या वेगळ्याच. बुलेटचे सायलेन्सर चौकात ओळीनं मांडायचे, वरून रोडरोलर फिरवायचा, साहेब कडेला उभे, आम्ही फोटो काढणार. 'कर्णकर्कश सायलेन्सरवर पोलिसांचा बुलडोझर' असला मथळा मीच दिलाय (रोडरोलर होता, पण बुलडोझर जोरात वाजतं). ते सायलेन्सर विकले कुणी, बसवले कुणी, हा प्रश्न बातमीत मी कधी घातला नाही. ती माझी चूक.

म्हणून माझं म्हणणं दोन बाजूंनी आहे, आणि दोन्हीकडचे लोक चिडतील. गाडीच्या शौकीन पोरांनो, आज तरी या देशात सुपरचार्जरची खरी किंमत कोटेशनमध्ये नसते. समोरून येणाऱ्या एखाद्या दुचाकीवाल्याला उद्या तुमच्या गाडीनं उडवलं आणि विमा कंपनीनं बदलाचा मुद्दा काढला, तर बेदाणाच काय, बागही कोर्टात जाईल. आणि परिवहन खात्याच्या साहेबांनो, शौक बंदीनं संपत नाही. गॅसला जशी वाट दिलीत तशी इथंही द्या. मान्यताप्राप्त किट, ठराविक गॅरेज, तपासणीची भरभक्कम फी, आरसीवर नोंद. ज्याला परवडेल तो करेल, बाकीचे आकडा बघूनच गप्प बसतील. आणि तोवर विनामान्यता बसवून देणाऱ्या गॅरेजच्या दारात जा, फक्त पोरांच्या नाही.

सांगलीच्या आरटीओ कार्यालयात मी सोमवारी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. गेल्या पाच वर्षांत १८२ अ खाली मालकांवर किती कारवाया, विकणाऱ्या-बसवणाऱ्यांवर किती. उत्तर आलं की इथंच टाकतो.

पोराला काल सगळा हिशोब कागदावर लिहून दिला. बराच वेळ बघत बसलं. मग म्हणालं, "आणि नुसता एअर फिल्टर बदलला तर काका?" अण्णांना अजून काही बोललेलो नाही. बेदाणा कोल्ड स्टोरेजलाच आहे.