बागेची खतावणी

मिठबावच्या जांभ्या खडकात हापूसचे कलम लावणारा बागायतदार पहिल्याच दिवशी फळाचा हिशेब मांडीत नाही. खड्डा, माती, पाणी आणि खाऱ्या वाऱ्यापासून आडोसा यांची काही वर्षे तजवीज करावी, तेव्हा कोठे मोहोर दिसतो. सार्वजनिक बागेचा हिशेब तर याहूनही लांबचा. तेथे लावणारा एक आणि सावलीत विसावणारा दुसराच असतो.

‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही उद्यानप्रेमींची संस्था १८३० साली स्थापन झाली. प्रारंभी तिच्यावर इंग्रजांचे वर्चस्व होते. पुढे मुंबईचे थोर व्यापारी नाना शंकरशेट हे तिचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. पेढीचा व्याप सांभाळणाऱ्या या गृहस्थाने वृक्षवेलींसाठीही वेळ काढला, ही गोष्ट आपण व्यापाऱ्यांनी विशेष ध्यानी घ्यावी.

संस्थेची शिवडी येथील बाग दफनभूमीसाठी गेली. पण सभासदांनी हात टेकले नाहीत. भायखळ्यास नवी बाग उभी राहिली आणि १८६२ साली ती लोकांसाठी खुली झाली. तीच आपली राणीची बाग. १८७३ साली तिचा कारभार मुंबई महापालिकेकडे गेला. संस्थेच्या हातून बाग सुटली, तरी लोकांच्या हातून सुटली नाही.

पुण्यात मात्र याच नावाची संस्था आजही सुमारे ३९ एकरांचे एम्प्रेस गार्डन सांभाळते. दर जानेवारीत तेथे पुष्पप्रदर्शन भरते, मुलांच्या चित्रकला स्पर्धा होतात. जुन्या वृक्षांच्या छायेत रंग घेऊन बसलेले मूल त्या वृक्षाचे जन्मभराचे स्नेही होते. संस्थेची खरी मिळकत हीच.

आपल्या घराण्यांत पाणपोई, धर्मशाळा, पांजरपोळ यांसाठी सढळ हाताने देण्याची रीत आहे. परंतु वृक्षारोपणाच्या दिवशी छायाचित्र काढून घेणारे पुष्कळ. वैशाखात घागरभर पाणी घालणारे विरळा. देणगीने रोप येते, झाड येत नाही. झाडाला रोजचा माणूस लागतो.

तेव्हा वाचकहो, आपल्या बाजारपेठेत चार दुकानदारांनी एकत्र येऊन चारच झाडे दत्तक घ्यावीत, पाण्याच्या पाळ्या ठरवाव्यात आणि त्यांची नोंद वहीत ठेवावी. या खात्यावर नफा आपल्या नावे दिसणार नाही. तो नातवंडांच्या नावे जमा होईल.