पॉलिशचा पहिला हात

दसरा जवळ आला की आपल्या धंद्यात दरवर्षी तेच होतं. फोन वाढतात आणि माणसं कमी पडतात. ‘नवमीच्या आत गाडी चकाचक करून द्या’ म्हणणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकाला नाही म्हणवत नाही. मग कालपर्यंत गाड्या धुणाऱ्या, मॅट झटकणाऱ्या पोराच्या हातात कुणीतरी बफिंग मशीन देतं आणि सांगतं, ‘डिकीवरून फिरव तू, बॉनेट मी बघतो.’ आपल्यातल्या कित्येक उस्तादांची सुरुवात अशीच झाली आहे, त्यामुळे त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतही नाही.

पूर्वी ते खपूनही जायचं. अ‍ॅम्बॅसेडर आणि पद्मिनीच्या रंगावर वेगळं लॅकर नसायचं. रबिंग कंपाउंड लावून घासलं की फडक्याला गाडीचा रंग लागायचा, तो लागणारच असं गृहीत होतं, आणि घासून झाल्यावर खाली पुन्हा तोच रंग असायचा. शिवाय गाडी पॉलिशला यायची ती चार-पाच वर्षं उन्हात काढून, फिकी पडल्यावर. आता गाडी शोरूममधून निघते आणि त्याच आठवड्यात सिरॅमिक कोटिंगसाठी आपल्या दारात उभी राहते. यार्डात कुणीतरी धुळीच्या फडक्याने पुसल्यामुळे तिच्यावर आधीच बारीक चऱ्यांची जाळी असते. कोटिंगखाली ती जाळी कायमची दिसत राहणार, म्हणून आधी पॉलिश. म्हणजे गाडीचं पहिलं पॉलिश तिच्या पहिल्याच महिन्यात होतं, आणि दसऱ्याच्या गर्दीत अनेकदा ते पहिल्यांदाच मशीन धरलेल्या हाताने होतं. त्या दोन पहिल्या वेळा एकाच गाडीवर येऊ देऊ नयेत, एवढ्याचसाठी यंदाचं हे संपादकीय आहे.

आपण कापतो काय, ते आधी बघू. कारखान्यातून आलेल्या पत्र्यावर फॉस्फेटच्या प्रक्रियेनंतर ईडी कोट असतो, साधारण 20 मायक्रॉनचा. त्यावर 30-35 मायक्रॉन प्रायमर, मग 15 मायक्रॉनच्या आसपास बेस कोट, म्हणजे गाडीचा खरा रंग. सगळ्यांत वर लॅकर, 35 ते 50 मायक्रॉन. सगळं मिळून 100 ते 120 च्या दरम्यान भरतं, काही लहान गाड्यांवर त्याहूनही कमी. माणसाच्या डोक्यावरचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. आपला सगळा धंदा त्या केसाहून पातळ थरावर चालतो, आणि त्यातलाही वरचा थोडाच भाग आपल्या हिश्श्याचा. उन्हातले अतिनील किरण अडवणारी रसायनं लॅकरमध्येच असतात. लॅकर जितकं कमी, तितकं खालच्या रंगाला ऊन जास्त.

हलक्या पॉलिशने एक-दीड मायक्रॉन जातो. कटिंग कंपाउंड आणि लोकरी पॅडने दोन ते चार. दोन हजारच्या पाणी-पेपरने घासून मग कंपाउंड मारलं तर त्याहून जास्त. गाडीच्या सगळ्या आयुष्यात मिळून आठ-दहा मायक्रॉनच्या पुढे जायचं नाही, असं जाणती माणसं धरून चालतात. दर दिवाळीला ‘एक हात’ मारणाऱ्याने हा हिशेब स्वतःच करून बघावा. जास्त कापलं तर गाडी देताना काहीच दिसत नाही. उलट ती जास्तच चमकते. दोन-तीन उन्हाळ्यांनंतर छतावर आणि बॉनेटवर लॅकरचे पोपडे निघू लागतात आणि मालक कंपनीच्या रंगाला शिव्या घालतो. आपलं नाव त्यात येत नाही, आणि म्हणूनच सवय मोडत नाही.

इथे मीटर लागतो. पण मीटरबद्दलही आपल्याकडे गोड गैरसमज आहे. तो लॅकरची जाडी सांगत नाही. लोखंडी पत्र्यावर चुंबकीय पद्धतीने आणि अ‍ॅल्युमिनियमवर एडी करंटने तो धातूपासून वरपर्यंतचा सगळा जाडपणा मोजतो. 118 असा आकडा आला तर त्यातलं लॅकर 50 आहे की 35, हे त्यावरून कळत नाही. थर वेगळे दाखवणारी अल्ट्रासॉनिक यंत्रं असतात, पण ती आपल्या गल्ल्याला झेपणारी नाहीत. बंपर प्लास्टिकचा असल्याने आपला साधा मीटर तिथे गप्पच बसतो.

मग त्याचा उपयोग काय? उपयोग फरकात आहे. कापण्याआधी 118 आणि कापल्यावर 115, तर तीन गेले. आणि हा फरक धरायला सुरुवातीचा आकडा लागतो. तो मिळण्याची संधी एकदाच येते, गाडीच्या पहिल्या पॉलिशच्या आधी. त्यानंतर पाचव्या वर्षी ती गाडी कुणाच्याही दुकानात गेली आणि मीटरने 109 दाखवले, तर कारखान्यातूनच तशी आली की मध्ये कुणी कापली, हे सांगायला कुणीच उरत नाही. म्हणून आमचं म्हणणं असं की पहिलं पॉलिश करणाऱ्याने बॉनेट, छत, डिकी, चारही दरवाजे आणि मडगार्ड यांचे आकडे, प्रत्येक ठिकाणी तीन-चार जागी घेऊन, बिलावर लिहून द्यावेत. काम झाल्यावरचेही. त्याच फेरीत गाडीचा इतिहासही उघडा पडतो. सगळीकडे 110-120 आणि एका दरवाजावर 260, तर तो दरवाजा पुन्हा रंगवलेला आहे. 600-700 च्या वर गेला तर खाली लांबी भरलेली आहे. नव्या गाडीवर असं सापडलं तर मशीन सुरू करण्याआधी मालकाला दाखवावं, नाहीतर ते आपल्याच गळ्यात येतं.

आता पोराकडे वळू. त्याला मशीन द्यायच्या आधी धुणं शिकवा, असं म्हटलं की लोक हसतात. पण न धुतलेल्या गाडीवर पॅड ठेवला की आपण धुळीने पॉलिश करतो. बांधकामांच्या धुळीत वाळूचा अंश असतो, आणि तो कंपाउंडपेक्षा वाईट कापतो. दोन बादल्या, शाम्पू, मग क्ले, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर ते आधी त्यांच्या औषधाने काढणं, मग रबर, काळं प्लास्टिक, बिल्ले आणि पत्र्याच्या उठलेल्या रेषांवर टेप. एवढं नीट करणारा पोरगा मशीनही नीट धरतो, असा अनुभव आहे.

मशीन धरायला भंगारातलं बॉनेट आणा. मुंबईत कुर्ल्याला, इतरत्र आपापल्या गावच्या भंगारवाल्याकडे, ठोकलेल्या गाडीचं मिळतं. काळं मिळालं तर सोनं, कारण काळा रंग काहीही लपवत नाही. त्यावर पोराला आधी एक गोष्ट मुद्दाम करायला लावा. बॉनेटच्या कडेवर रोटरी एका जागी धरून लॅकर उडवू द्या. कडेवर रंग फवारतानाच तो ओसरतो, थर मुळात पातळ बसतो, आणि पॅडचा सगळा दाब त्या एका रेघेवर येतो. त्यामुळे वेळ लागत नाही. आधी जळका वास येतो. कंपाउंडचा पातळ पांढरट थर कोरडा पडतो. मग एकदम पॅडवर करडा-काळा रंग चढतो आणि कडेची चमक जाऊन मंद, मातकट पट्टा दिसू लागतो. लॅकरच्या गाडीवर पॅडला अंगाचा रंग लागला की खेळ संपला, पुढे फक्त पेंटर. (लॅकर नसलेल्या साध्या रंगात पॅड रंगतोच, तो फरकही तेव्हाच सांगून टाकावा.) तो वास आणि तो रंग एकदा ओळखीचा झाला की गिऱ्हाइकाच्या गाडीवर पोराचा हात त्याच्या अलीकडेच थांबतो. नुसतं ‘कडेला सांभाळ’ असं शंभरदा ओरडून हे होत नाही.

रोटरी की डीए (ड्युअल अ‍ॅक्शन), हा वाद या मासिकात पुष्कळ झाला आहे. पहिल्या वेळेसाठी तरी तो वाद नाही. रोटरीचा पॅड एकाच अक्षावर फिरतो, उष्णता एका जागी साठते आणि हात जरा कलला की होलोग्राम उमटतात, जे दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दिसत नाहीत आणि मालकाच्या पार्किंगमध्ये उन्हात दिसतात. डीएचा पॅड फिरता फिरता डोलतो, आणि दाब जास्त झाला की त्याचं फिरणं थांबतं. म्हणून शिकणाऱ्याला डीएच द्यावा. पण ‘डीएने काही होत नाही’ हे वाक्य दुकानातून हद्दपार करा. मायक्रोफायबरचा कटिंग पॅड, जाड कंपाउंड आणि वेळच वेळ, एवढं मिळालं तर डीएही लॅकर खातो, आणि बंपर तर लवकर तापतो, कारण प्लास्टिक उष्णता पसरू देत नाही.

डीएच्या बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ ओढून ठेवा. काम चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. नुसती थरथरताना दिसली तर पोरगा दाबतोय किंवा मशीन तिरकं धरतोय. इतकी स्वस्त आणि इतकी प्रामाणिक शिकवणी दुसरी नाही.

पॉलिश सावलीत, थंड पत्र्यावर. मेच्या उन्हातून आलेल्या गाडीला अर्धा-पाऊण तास उभी ठेवावी, गिऱ्हाइक घड्याळ बघत असलं तरी. मग बॉनेटवर दीड फूट बाय दीड फूट जागा टेपने आखून तिथे नमुना काढायचा, आणि सुरुवात सगळ्यांत मऊ पॅड आणि सगळ्यांत हलक्या पॉलिशने. पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब, कमी वेगावर पसरवणं, मग वेग वाढवून सेकंदाला इंचभर या चालीने आधी आडवे, मग उभे, मागच्या पट्ट्यावर निम्मा चढवत. चार-सहा फेऱ्या झाल्या की पुसून दिव्याखाली बघायचं. जाळी गेली नाही तरच एक पायरी कडक. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. आधी लोकरी पॅड आणि सगळ्यांत कडक कंपाउंड, मग त्याचे ओरखडे काढायला मधलं, मग त्याचे काढायला शेवटचं. तीन वेळा कापून आपण तिथे येतो, जिथे कदाचित एका हलक्या हातात आलो असतो.

कोणत्या गाडीचं लॅकर कडक आणि कोणत्याचं मऊ, याच्या याद्या दुकानादुकानात तोंडपाठ असतात. जर्मन कडक, जपानी मऊ. मर्सिडीझने 2003 पासून नॅनो-कणांचं लॅकर वापरायला घेतलं, तिथून त्या समजाला आणखी धार आली. यादी डोक्यात ठेवायला हरकत नाही, पण नमुना काढल्याशिवाय तिच्यावर पैज लावू नका. मर्सिडीझचाही दरवाजा एकदा गल्लीतल्या बूथमध्ये रंगला की त्यावर गल्लीतलं लॅकर असतं.

आणि नमुना बघायचा तो पॅनेल वाइप मारून. कित्येक पॉलिशमध्ये तेल असतं, ते चऱ्यांत भरून बसतं आणि जागा आरशासारखी दिसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पाण्याने पुसलं की खरं रूप बाहेर येतं. जे हे पुसत नाहीत त्यांची गाडी दोन धुण्यांनंतर होती तशी होते, आणि तेव्हा मालक तुमच्याऐवजी शेजाऱ्याकडे जातो. दिव्याचंही तसंच. पसरट उजेडात जाळी दिसत नाही, बिंदूसारख्या एलईडीत दिसते.

पॅडबद्दल थोडक्यात. अख्खी गाडी एकाच पॅडवर काढणं बंद करा. दर भागानंतर ब्रशने झाडा, भिजून जड झाला की बदला. खंडेनवमीला मशीनला झेंडू वाहतोच आपण, त्याच हाताने कार्बन ब्रश, वायरचं आवरण आणि दुकानाचं अर्थिंगही बघून घ्यावं. ओल्या फरशीवर 230 व्होल्टचं काम चालतं, आणि वायर खांद्यावरून मागे घ्यायची, हे नव्या पोराला कुणी सांगत नाही.

राहिलं मालकाशी बोलणं. नख अडकतं तो चरा पॉलिशने जात नाही, बोथट होतो. तो काढायच्या हट्टाने भोवतालचं हातभर लॅकर खाली नेऊ नका. तसंच नव्वद टक्के जाळी गेली आणि दहा टक्के राहिली, तर ती राहू द्या आणि तसं तोंडावर सांगा. ‘9एच’ कोटिंगमुळे आता ओरखडे पडणारच नाहीत, हे तर मुळीच सांगू नका. तो आकडा पेन्सिलीच्या चाचणीचा आहे, आणि सोसायटीत रोज सकाळी एका बादलीत आणि एकाच फडक्यात वीस गाड्या पुसणाऱ्या मामांपुढे कोणतंही कोटिंग टिकत नाही. त्या मामांना दोन मायक्रोफायबर आणि पाण्याचा पाइप मालकाने द्यावा, हे आपणच सुचवायचं. नाहीतर गाडी सहा महिन्यांत परत येते, आणि आपण आनंदाने पुन्हा दोन मायक्रॉन उडवतो.

बिलावर आकडे लिहायचा प्रस्ताव काही वाचकांना महाग वाटेल. साधा मीटर काही हजारांत येतो. एकट्याला जड वाटला तर दोन शेजारी दुकानांनी मिळून घ्यावा, सोबत आलेल्या पट्ट्यांवर आठवड्यातून एकदा शून्य तपासावा, आणि तो मशीन चालवणाऱ्या पोराच्याच हातात द्यावा, मालकाच्या ड्रॉवरमध्ये नको. या अंकात मधल्या पानावर गाडीचा वरून दिसणारा आराखडा छापला आहे, आकडे भरायला रिकाम्या चौकटींसह. झेरॉक्स काढून वापरा. दिवाळीपर्यंतच्या गाड्यांचे भरलेले आराखडे, नंबर प्लेट झाकून, आमच्याकडे पाठवलेत तर आपल्या रस्त्यांवरच्या गाड्यांवर कारखान्याचा रंग खरोखर किती मायक्रॉनचा असतो, ते पुढच्या अंकांत तुमच्याच आकड्यांवरून छापता येईल.