फोन आहे, पण बोलायचं कुठे?

मंडळी, एच.आय.व्ही. हा शब्द ब्लॉगवर दिसला की दोन-तीन नातेवाईकांचे फोन येणार, "नाना, सगळं ठीक आहे ना?" म्हणून! ठीक आहे. पण हा प्रश्न मनात येतो, यावरूनच त्या शब्दाची धास्ती कळते. नव्वदच्या दशकात शाळेत भिंतीवर लावायला कवट्यांची पोस्टर्स यायची. पोस्टर्स गेली, भीती राहिली.

वैद्यकशास्त्र मात्र खूप पुढे गेलं. 1 एप्रिल 2004 पासून आपल्याकडे सरकारी केंद्रांतून ए.आर.टी.ची औषधं मोफत मिळू लागली. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. ती नेमाने घेतली तर रक्तातला विषाणू तपासणीतही सापडेनासा होतो आणि मग तो शरीरसंबंधातून जोडीदाराकडेही जात नाही. अडचण त्या "नेमाने" शब्दात आहे. मन खचलं की माणूस जेवण टाळतो, तशी गोळीही टाळतो. गोळ्या चुकल्या की विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. म्हणजे मनाचा उपचार हा या आजाराच्या मूळ उपचाराचाच भाग झाला.

इथे फोनवरचा सल्ला फार उपयोगी आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने टेलि-मानस सुरू केलं. 14416 या क्रमांकावर रात्री-बेरात्रीही, मराठीतून, फुकट बोलता येतं. एच.आय.व्ही.च्या माहितीसाठी 1097 आहेच. मानसोपचाराच्या दारात कुणी पाहील ही भीती नाही, एस.टी.चं भाडं नाही, खाडा नाही.

पण माझा एक जुना विद्यार्थी (त्याला विचारूनच लिहितो आहे) म्हणाला, "सर, नंबर पाठ आहे. बोलू कुठे? दोन खोल्यांत सहा माणसं. मी गाडी काढून बांधावर जातो, तिथे रेंज नसते." तो निदान गाडी काढू शकतो. घरातल्या सुनेनं काय करायचं? फोन नवऱ्याचा, नाहीतर मुलाचा, आणि कुणाला लावला होता हे त्यात दिसतं. गुप्तता राखायला 2017 चा कायदा आहे, तो 2018 पासून लागूही झाला. पण घराच्या पातळ भिंतींना कायदा काय करणार?

म्हणून माझं मत असं की नुसता क्रमांक जाहीर करून भागणार नाही. गावच्या आरोग्य उपकेंद्रात दार लागेल अशी एक खोली आणि एक फोन ठेवावा. तिथे लोक तापाला, रक्तदाबालाही जातात, त्यामुळे कुणी बोट दाखवणार नाही. पहिली भेट ए.आर.टी. केंद्रातल्या समुपदेशकाशी समोरासमोर व्हावी आणि पुढे फोनवर शक्यतो तोच आवाज असावा. दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सांगायचं म्हणजे जखम पुन्हा उघडायची.

आणखी एक. फोनवरच्या डॉक्टरांपासून एच.आय.व्ही.ची औषधं लपवू नयेत. फिट्सवर आणि काही मानसिक आजारांतही दिली जाणारी कार्बामाझेपीन, ए.आर.टी.मधल्या डोल्युटेग्राविरचा प्रभाव कमी करते. आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर फोन ही पहिली पायरी समजा. सोबत प्रत्यक्ष माणूस हवाच.

सरकारची खोली होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या घरात कुणी फोन घेऊन दार लोटून बसलं, तर "कुणाशी एवढं बोलत होतास?" हा प्रश्न आपल्याला गिळता येईल का? आपल्या मोठ्या कुटुंबात हे जमेल का, ते प्रामाणिकपणे कळवा.