पिंपळाचा काय गुन्हा?

मानवतचा माणूस परगावी गेला आणि त्याने आपल्या गावाचे नाव सांगितले, की समोरचा क्षणभर त्याच्याकडे निरखून पाहतो आणि मग हळूच विचारतो, "म्हणजे, ते मानवत का?" हा अनुभव मला पुण्यात आला, नांदेडात आला. एकदा कादंबरीचे हस्तलिखित काखोटीला मारून एका प्रकाशकाच्या दारी गेलो, तर त्या गृहस्थाने बाड उघडण्यापूर्वी हाच प्रश्न केला. आमच्या गावी कापसाचा मोठा बाजार भरतो, याची चौकशी आजवर कोणी केलेली नाही. गावाचे नाव निघाले की लोकांना पिंपळ आठवतो, मुंजा आठवतो, आणि मग त्यांचा आवाज खाली येतो.

मी चाळिशी ओलांडली आहे. म्हणजे ते प्रकरण घडले तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. परंतु मी त्यातच वाढलो. दिवेलागणीला अंगणात रेंगाळलो की आई मनगट धरून आत ओढायची. तिच्या बोटांचे वळ उठायचे. इतर गावांतल्या आया पोरांना भुताचे भय घालीत असतील. माझ्या आईने भुताचे नावही कधी काढले नाही. ती एवढेच म्हणायची, "माणसं फिरतेत बाहेर." मला मॅट्रिकच्या पुढे शिकता आले नाही. गावातल्या लहान मुलांना शिकवावे आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, एवढाच माझा व्यवसाय. पण माणसाचे भय भुताच्या भयापेक्षा वेगळे असते, हे ज्ञान मला कोणत्याही पुस्तकातून मिळालेले नाही. ते आईच्या बोटांतून मिळाले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात मानवतच्या शिवारात एकामागून एक खून पडले. बळी होते ते दहा-अकरा वर्षांच्या मुलींचे आणि बायाबापड्यांचे. मराठवाड्यात तेव्हा दुष्काळ होता. लोक खडी फोडीत होते, सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढीत होते. मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांच्यासारखा नामांकित पोलीस अधिकारी तपासासाठी आला. सरकारपक्षाने कोर्टात मांडले ते असे, की पिंपळाखालच्या मुंजाला रक्त दिले म्हणजे गुप्तधन सापडेल आणि मूल होईल, या आशेने हे बळी दिले गेले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७७ साली निकाल लागला. आरोपींपैकी काहींना शिक्षा झाली, काही सुटले. पिंपळाला मात्र कोणीच सोडले नाही. तो आजतागायत आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे.

आता मुद्द्यावर येतो. २०२४ साली एक योग जुळून आला. १३ सप्टेंबरला 'तुंबाड' हा चित्रपट पुन्हा पडद्यावर आला आणि तीनच आठवड्यांनी, ४ ऑक्टोबरला, आमच्या गावावरची 'मानवत मर्डर्स' ही मालिका घरोघरच्या मोबाईलवर आली. गाव रागावले ते मालिकेवर. "पुन्हा बदनामी!" जो तो म्हणू लागला. 'तुंबाड' मात्र सर्वांनी मजेत पाहिला. तो कोकणातला, तो कल्पित, त्यातला राक्षस देवीच्या पोटातला. त्याचे आपल्याला काय? आमच्या मास्तरमंडळींच्या बैठकीत मी म्हणालो, "मालिकेत आपल्या गावाचे नाव आहे खरे, पण आपले चित्र आहे ते 'तुंबाड'मध्ये." त्यावर एक ज्येष्ठ सहकारी माझ्यावर उखडले. "गुरुजी, ती आपली अंधश्रद्धा होती. अडाणी काळ होता तो. भुताखेताच्या सिनेमाशी त्याचा काय संबंध?" त्या दिवशी मी गप्प बसलो. आज बसणार नाही.

राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट २०१८ चा. आधार नारायण धारपांच्या भयकथेचा, नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेले. म्हणजे चित्रपट हिंदी असला तरी त्याची नाळ मराठीच. आमच्या समीक्षकांनी धारपांना जन्मभर वाङ्मयाच्या ओसरीवर बसवले, आत काही घेतले नाही. शंभरांवर पुस्तके लिहिलेल्या या लेखकाला वाचकांनी उशाशी ठेवले आणि विद्वानांनी वाचल्याचे कबूलही केले नाही. असो. कथा अशी: १९१८ साली तुंबाडच्या वाड्यात एक पोर, विनायक, सोन्याच्या लोभाला लागतो. आई त्याला पुण्यास नेते आणि पुन्हा तुंबाडला न येण्याची शपथ घालते. तो मोठा होऊन शपथ मोडतो. वाड्याखाली देवीच्या गर्भात हस्तर नावाचा देवपुत्र आहे. त्याला सोने मिळाले, धान्य मिळाले नाही. म्हणून तो युगानुयुगे भुकेला आहे. विनायक कणकेची बाहुली घेऊन उतरतो आणि तो भुकेला जीव तिच्यावर तुटून पडला की त्याच्या लंगोटातल्या मोहरा ओरबाडतो. पुढे त्याला मुलगा होतो, पांडुरंग. आणि बाप आपल्या लेकराला काय शिकवतो? त्या गर्भात कसे उतरायचे आणि कसे निसटायचे, हे शिकवतो.

वाचकहो, या चित्रपटात अंधश्रद्धा कोठे आहे ते मला दाखवा. विनायक भाबडा नाही. तो नवस बोलत नाही, आरती करीत नाही, अंगात आणीत नाही. देवाकडे तो खाणीकडे पाहावे तसा पाहतो. दोर किती लागेल, पीठ किती लागेल, वेळ किती मिळेल, सगळा चोख हिशेब! धास्ती मला हस्तराची वाटली नाही; तो बिचारा उपाशी आहे. अंगावर काटा आला तो बाप पोराला दोर धरायला शिकवतो तेव्हा. राक्षस पाहायचा असेल तर विहिरीच्या तळाशी पाहू नका, काठावर पाहा, असेच हा चित्रपट सांगतो.

आणि म्हणून 'अंधश्रद्धा' या शब्दावर माझा राग आहे. हा शब्द फार सोयीचा आहे. तो उच्चारला की गुन्हा अडाण्यांचा होतो, काळ जुना होतो आणि आपण सुटतो. श्रद्धा, मग ती डोळस असो वा आंधळी, स्वतःच्या पदरचे काही देते. नवस करणारी बाई स्वतः उपास करते, स्वतः अनवाणी चालते. मानवतला जो सौदा झाला, त्यात फायदा एकाचा आणि किंमत शेजारच्या गरीब घरातली होती. दुसऱ्याच्या पोटच्या पोरीवर फेडायचा नवस कोणत्या धर्मात बसतो? याला हाव म्हणतात. साधा दोन अक्षरी मराठी शब्द आहे. तो आपल्या तोंडून का निघत नाही?

कोणी म्हणेल, त्या कहाणीत मूल नसलेल्या बाईचे दुःखही होते. होते, आणि ते मी हसण्यावारी नेणार नाही. वांझ म्हणून बाईला जाळणारा समाज आपलाच आहे. परंतु दुःखाने माणूस रडतो, देवळात जातो, डॉक्टरकडे जातो. दुसऱ्याचे लेकरू मोजून द्यावे आणि आपले घ्यावे हे गणित दुःख मांडत नाही. ते मांडायला मालकीची सवय लागते.

अज्ञान हेच मूळ असते तर शाळा निघाल्या, दवाखाने निघाले, तेव्हा हे संपायला हवे होते. २०११ ची जनगणना पाहा. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८०७. त्या उरलेल्या मुली कोठे गेल्या? तेथे मुंजा नव्हता, पिंपळ नव्हता, मांत्रिकही नव्हता. सोनोग्राफीचे स्वच्छ यंत्र होते, ते चालवणारे पदवीधर होते आणि पैसे मोजणारे आईबाप होते. १९९४ चा कायदा डोळ्यांदेखत गुंडाळून ठेवून हे झाले. याला आपण अंधश्रद्धा म्हणत नाही, कारण यात आपली माणसे आहेत.

दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. नरबळी आणि गुप्तधनाच्या नावाने चालणारी अघोरी कृत्ये त्याने गुन्हा ठरवली. त्या कायद्याशी माझे भांडण नाही. त्यासाठी एका माणसाने प्राण दिला आहे. पण कायदा मांत्रिकाला पकडील. मांत्रिकाला बोलावणे धाडणाऱ्याच्या मनातली हाव त्याला कशी सापडावी? ते काम कथेचे आहे. १९८१ साली अमोल पालेकरांनी तेंडुलकरांच्या लेखणीवर विसंबून आमच्याच प्रकरणावर 'आक्रीत' काढला, तो याचसाठी. गावाने तेव्हाही बदनामीचीच भाषा केली असती तर ते चूक ठरले असते. बदनामी खुनाने होते, त्याच्या गोष्टीने होत नाही.

आता माझ्या बाजूचे दुबळे अंग मीच उघडे करतो. 'तुंबाड'मध्ये सोने खरे आहे. मोहरा खरोखर पडतात, वाजतात, चमकतात. मग हा चित्रपट गुप्तधनाची आस वाढवीत नाही काय? हा आक्षेप माझा सहकारी घेणार होता. त्याच्याआधी तो माझ्या वर्गातल्या एका पोराने घेतला. दिवाळीची सुट्टी संपल्यावर त्याने उभे राहून विचारले, "गुर्जी, पिंपळाखाली खरंच सोनं असतंय का हो?"

मी तत्काळ म्हणालो, "नसतं." शास्त्रीय उत्तर! पोरगा खाली बसला; पण त्याचा चेहरा पडला, आणि तो चेहरा पाहून मला माझी चूक कळली. सोने नाही म्हणून खणू नये, एवढेच मी त्याला शिकवले होते. उद्या कोणी त्याला सोने आहे असे पटवून दिले तर? म्हणून मी त्याला पुन्हा उभे केले. "समज, आहे. हंडाभर आहे. पण त्यापायी शेजारच्या घरातलं एक लेकरू जाणार आहे. मग?"

वर्ग गप्प झाला. तो पोरगा विचार करून म्हणाला, "मग नको, गुर्जी." मला बरे वाटणार तोच मागच्या बाकावरून दुसऱ्याचा आवाज आला, "किती मोठा हंडा?" सगळी पोरे हसली. मी हसू शकलो नाही. तो पोरगा वाईट नाही, चांगल्या घरचा आहे. त्याच्या घरी रोज भाव बोलला जातो: कापसाचा, प्लॉटचा, आणि लग्नाला आलेल्या मुलग्याचाही. त्याने फक्त ऐकलेले म्हणून दाखवले.

चित्रपटाच्या शेवटी, १९४७ साली, राक्षस झालेला बाप सोन्याने भरलेला लंगोट पांडुरंगापुढे धरतो आणि पांडुरंग तो नाकारतो. सोने खोटे आहे म्हणून नव्हे. खरे आहे हे पुरते ठाऊक असून नाकारतो. 'तुंबाड'मधले सोने खरे असायलाच हवे होते, नाहीतर त्या नकाराला किंमत काय राहिली असती? आमच्या गावच्या मुलींना नाकारायचीही संधी मिळाली नाही. त्यांची किंमत परस्पर ठरली होती.

तेव्हा माझ्या गावकऱ्यांना माझी विनंती आहे, की मालिकेवर रागावण्याआधी घरात पोरांसमोर आपण काय बोलतो ते एकदा ऐका. परगावच्या मंडळींना सांगणे एवढेच, की "ते मानवत का?" असे आम्हाला विचारायला हरकत नाही, पण विचारून झाल्यावर आपल्याही अंगणात नजर टाका. आणि पिंपळाला आता सोडून द्या. त्याने कोणाकडे काहीही मागितले नव्हते.