शहर तापते ते कशामुळे?

उन्हाळा आला की वसईत एक तक्रार हमखास कानी पडते : “पूर्वी एवढे उकडत नव्हते. या इमारतींनीच गाव तापवले.” या तक्रारीत तथ्य किती, हे तपासणे आम्हांला अगत्याचे वाटते, कारण निदान चुकले की उपायही चुकतो.

शहर भोवतालच्या खेड्यांपेक्षा उष्ण असते, हे जुनेच निरीक्षण आहे. ल्यूक हॉवर्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी लंडन शहर आणि त्याबाहेरील तापमानाच्या नोंदी ताडून पाहिल्या. हा फरक रात्री अधिक जाणवतो, असे त्यांना आढळले. सिमेंट आणि डांबर दिवसभर ऊन शोषून घेतात व रात्री ती उष्णता सावकाश सोडतात. दाटीवाटीच्या इमारतींमुळे वारा अडतो. वातानुकूलन यंत्रे घरातील उष्मा रस्त्यावर फेकतात.

याउलट झाडे मुळांनी ओढलेले पाणी पानांतून हवेत सोडतात आणि त्यामुळे परिसर निवतो. वसईच्या केळीबागा, फुलांच्या वाड्या आणि बावखले पिढ्यान् पिढ्या हेच काम करीत आली. २००९ मध्ये येथे महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली. वाडीच्या जागी इमारत उभी राहते आणि बावखल बुजते, तेव्हा आपण केवळ निसर्गसौंदर्य गमावत नाही, तर गारवाही गमावतो.

मग सारा दोष बांधकामांचाच काय? तसे म्हणता येणार नाही. भारत सरकारच्या २०२० मधील हवामानविषयक अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. ही वाढ खेड्यापाड्यांतही झाली असून तिचे मुख्य कारण हरितगृह वायू हे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक आंतरशासकीय समितीने २०२१ मध्ये स्पष्ट केले, की शहरीकरण स्थानिक उष्म्यात भर घालते. मात्र पृथ्वीच्या सरासरी तापमानवाढीतील त्याचा वाटा नगण्य आहे. थोडक्यात, चूल जगाने पेटवली आहे. तिच्यात आपण आपली लाकडे घालीत आहोत.

याची झळ सर्वांना सारखी लागत नाही. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराला रात्रीही विसावा मिळत नाही. २०१० च्या मे महिन्यातील उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत शेकडो जादा मृत्यू झाले. त्यातून धडा घेऊन त्या शहराने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा अमलात आणला. पुढे गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग देण्याचे कामही तेथे झाले.

आपणही विकास आराखड्यावर हरकती नोंदविताना रस्ते आणि पाणी यांबरोबर सावलीचा प्रश्न विचारला पाहिजे. जगाचे तापमान वसईला एकटीने उतरविता येणार नाही. उरलेली बावखले बुजू न देणे मात्र आपल्या हाती आहे.